शंभरच्या जागी एकशे तीस

पोल्लाची,
१२ नोव्हेंबर २००२

चेरन तंबी, धाकट्या भावाला अक्काचे आशीर्वाद.

फोनवर मी "हे, तुझे मच्चान, पडले, पण जिवंत आहेत" एवढंच सांगू शकले. बूथमध्ये माझ्या मागे चार माणसं कान टवकारून उभी होती, आणि जपानच्या कॉलचा मीटर नुसता पळत होता. आता नीट लिहिते.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी हे वालपारैला निघाले. दर शुक्रवारी जातात तसेच, वरच्या चहामळ्यांतल्या साहेबांच्या मोटारसायकली दुरुस्त करायला. इडली खाल्ली, हत्यारांची पिशवी पाठीला लावली, गेले. मी ब्लाउजला हुक लावत बसले होते, तेवढ्यात दुधाच्या व्हॅनचा ड्रायव्हर दारात. चप्पल न काढता सरळ आत आला. मी सुई ब्लाउजात खोचून उठले.

नवव्या वळणावर कठड्यापलीकडच्या झुडपात सापडले. उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली आहे, डाव्या खांद्याचं हाड मोडलंय. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून आज मी कपाळावर कुंकू लावून तुला हे लिहितेय. कोईमतूरच्या दवाखान्यात मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणतात, चालतील, पण वेळ लागेल.

पण तंबी, मला जे कळत नाही ते हे. रस्ता कोरडा होता. ऊन पडलं होतं. समोरून गाडी नव्हती, मागून नव्हती. ब्रेक ठीक होते. मग हा माणूस पडला कसा? चाळीस वळणांचा तो घाट हे किती वेळा चढले असतील याला गणतीच नाही. कोईमतूरच्या रेसमध्ये ढाल जिंकलेला माणूस! गावात काय बोलतात ते ऐकवत नाही. चहाच्या टपरीवर सरळ म्हणतात, तंगवेल प्यायला असणार. यांनी जन्मात दारूला हात लावला नाही, आणि पोलिसाने बेशुद्ध माणसाच्या तोंडाचा वास घेतला! दुसरे म्हणतात, तंगवेलचा गाडीवरचा हात गेला. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. त्यांनी मिरच्या ओवाळून जाळल्या, घरभर ठसका.

आणि हे काहीच बोलत नाहीत. मी विचारलं, "कसे पडलात?"

"पडलो."

"अहो पण कसे?"

"पडलो ना. माणूस पडतो."

मग भिंतीकडे तोंड केलं. काल म्हणाले, "ती गाडी भंगारात दे. कुणाला दाखवत बसू नकोस." भंगारात! तुला ठाऊक आहे, मी त्या गाडीला सवत म्हणते. रोज पुसतात, रविवारी तिच्याशी गप्पा मारतात. त्या गाडीला भंगारात द्या म्हणतात, तेव्हा मला पडण्याहूनही मोठा धक्का बसला.

तू त्यांच्या मागे बसून गाडी शिकलास. तुला सांगतील. तू विचार. यायची घाई करू नकोस, कंपनीचं वर्ष पुरं कर. इथे मी आहे.

तुझी,
पूंगोदै अक्का


हामामात्सू,
२५ नोव्हेंबर २००२

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि मी कारखान्याच्या पायरीवरच बसलो. फोनवर तू "पडले" म्हणालीस तेव्हा मला वाटलं, ट्रकने उडवलं असेल, किंवा तेल सांडलेलं असेल. कोरड्या रस्त्यावर, एकटे, नवव्या वळणावर? अक्का, ते वळण तर अगदी साधं आहे! तिथे मच्चान मला एका हाताने हँडल धरून दाखवायचे. "चेरन, गाडीला ओढायचं नसतं, नुसतं बघायचं कुठे जायचंय ते. ती ऐकते."

मी इथे गाड्या चालवून त्यात काय खोट आहे ते सांगायचं काम शिकतोय. आमचे उस्ताद हिरानो-सान साठीचे आहेत, आयुष्यभर हेच केलंय. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चांगला चालवणारा सोप्या वळणावर पडला, तर आधी माणसाला विचारू नये. गाडीला विचारावं."

म्हणून अक्का, एक काम कर. गाडी कुठे आहे? भंगारात देऊ नकोस, माझी शपथ. उजेडात उभी करून नीट बघ. तू अप्पांच्या गॅरेजात वाढलीस, तुला काही नवं नाही. पुढच्या चाकाचा काटा वाकडा झालाय का? साखळी तुटली आहे का? पुढच्या आणि मागच्या टायरच्या बाजूला जे आकडे असतात ते जसेच्या तसे लिही. आणि टायर कुठे झिजलाय ते बघ, मध्ये की कडांना.

कोण काय बोलतं तिकडे लक्ष देऊ नकोस. त्या टपरीवाल्याला सांग, चेरन आला की जाब विचारायला येईल.

मच्चानना मी वेगळं पत्र लिहितोय.

तुझा,
चेरन


पोल्लाची,
७ डिसेंबर २००२

चेरन तंबी,

यांना घरी आणलं. पलंग पुढच्या खोलीत लावलाय, म्हणजे रस्ता दिसतो. पण हे रस्त्याकडे बघतच नाहीत.

गाडी पोलिसांनी सोडली. वर्कशॉपच्या मागे पत्र्याखाली आहे. काल हे झोपलेले असताना मी जाऊन पाहिली. पुढचा काटा वाकलाय, दिवा फुटलाय, टाकीला खोक पडली आहे. साखळी शाबूत आहे. पण मागच्या टायरच्या डाव्या बाजूवर चरे आहेत, जिथे साखळी फिरते तिथे. घासल्यासारखे.

आकडे लिहिते. पुढचा ९०/९०-१७. मागचा १३०/७०-१७. मागचा नवा आहे.

झिजलाय म्हणशील तर मधोमध थोडासा, एक पट्टा. कडांना नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून जसेच्या तसे आहेत. हात फिरवला तर बोटाला टोचतात.

तंबी, मला एक सांग. टायर रुंद असला की रस्त्याला जास्त चिकटतो ना? पकड जास्त असते ना? सगळे असंच म्हणतात. मोठ्या रेसच्या गाड्यांना मागे केवढे रुंद टायर असतात! मग त्याने काही वाईट व्हायचं कारण नाही, हो ना? सहज विचारते.

यांना भूक नाही. शेवया केल्या होत्या, दोन घास खाल्ले. "कशा झाल्या?" म्हटलं, तर म्हणाले, "झकास." ताट तसंच होतं.

लवकर लिही.

अक्का


हामामात्सू,
२० डिसेंबर २००२

अक्का,

एकशे तीस! मी आकडा तीनदा वाचला. मच्चानच्या गाडीला शंभरचा, म्हणजे शंभर मिलिमीटर रुंदीचा टायर येतो. त्यांनी मला स्वतः शिकवलंय की रिम जेवढी तेवढाच टायर. गल्लीतली पोरं मिरवायला रुंद टायर घालायची, तेव्हा मच्चान म्हणायचे, "बारीक माणसाने हत्तीची चप्पल घातल्यासारखं दिसतंय." आणि त्यांच्याच गाडीला एकशे तीस?

तू विचारलंस म्हणून सांगतो. हिरानो-सानना मी विनवलं आणि आम्ही तसंच करून पाहिलं. तेवढ्याच ताकदीची छोटी गाडी घेतली. आधी तिच्या नेहमीच्या टायरवर मी धावपट्टीवर फिरून आलो. मग त्याच अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला. कोंबला म्हणजे अक्षरशः. रिमच्या कडा त्याला दोन्ही बाजूंनी आत चेपतात, आणि मधला भाग फुगून वर येतो, टोक आल्यासारखा. दिसायला रुबाबदार. पण सरळ रस्त्यावर उलट कमीच टायर जमिनीला टेकतो, आणि वळणावर ज्या कडा टेकायला हव्यात त्या टेकायच्या वेळी भलतंच काहीतरी होतं.

मी पहिल्या वळणाला लागलो. गाडी वाकेना. अक्का, तुला कसं सांगू, जसं हट्टी बैल मान वळवत नाही तसं. मी हँडलवर जोर दिला. तेवढ्याच वेगाला, तेवढ्याच वळणाला, पहिल्यापेक्षा जास्त वाकवावी लागत होती. जास्त रेटलं तर एका क्षणी एकदम आत कोसळली. गुडघा जमिनीला घासला. मी सावरलो, कारण धावपट्टी रुंद होती, मला आधीच ठाऊक होतं आणि मागे दरी नव्हती. थांबलो आणि इंजिन बंद केलं. हिरानो-सान म्हणाले, "पुरे."

मोठ्या गाड्यांची रिमच रुंद असते, ताकद मोठी असते, म्हणून त्यांना रुंद टायर लागतो. छोट्या गाडीला तो लावणं म्हणजे तिचे कान कापणं. मग ती ऐकत नाही.

आणि कडांचे केस! अक्का, तुला त्याचा अर्थ कळला का? मच्चानचा टायर कडेपर्यंत सारखा झिजायचा. इतकी ते गाडी वाकवतात. या टायरवर त्यांनी ती एकदाही वाकवली नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग काढला का नाही? कुणी जबरदस्ती केली? कुणाची भीड पडली? याच्यावरून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

ज्याने कुणी हा टायर त्यांच्या गाडीला घातला, त्याने त्यांना कठड्यावरून खाली ढकललं असंच मी समजतो. त्या माणसाचं नाव आणि दुकान मला कळव. मी आल्यावर पहिला त्याच्या दारात जाऊन उभा राहीन. मच्चाननाही हेच विचारलंय.

चेरन


पोल्लाची,
२ जानेवारी २००३

तंबी,

त्या माणसाचं नाव पूंगोदै. नवऱ्याचं नाव तंगवेल. दुकान नाही, घरीच ब्लाउज शिवते. पत्ता तुला माहीत आहे. ये आणि उभा राहा दारात.

दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आधी हे बसने जत्रेला गावी गेले होते. मी शेजारच्या कदिरवनला यांची गाडी काढायला लावली आणि त्याच्या मागे बसून कोईमतूरला गेले. अकरा वर्षांत मी त्या गाडीला कधी बोट लावलं नव्हतं. तिच्यावरून किती भांडले ते तू पाहिलंयस. वाटलं, बास झालं. सवतीशी गट्टी करू, म्हणजे ती यांना सांभाळेल. मी दुकानदाराला असंच सांगितलं, "घाटात जातात, पडू नयेत असं काहीतरी द्या." तो म्हणाला, "अक्का, रुंद टायर घ्या, जितका रुंद तितकी पकड." मी विचारलं, "म्हणजे पडणार नाहीत?" तो म्हणाला, "पाडायचं म्हटलं तरी पडणार नाहीत."

पूजेच्या दिवशी मी गाडी धुतली, टायरला चंदन-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. हे आले. मागच्या चाकाकडे बघून थबकले. बराच वेळ नुसतेच उभे. मला वाटलं, आनंदाने बोलवेना. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "झकास!" मी त्या दिवशी सगळ्या गल्लीला हरभऱ्याचं सुंडल प्रसाद म्हणून वाटलं.

यांना कळलं होतं म्हणतोस. मग त्या हसण्याचं मी काय करू?

मी यांना काही बोलले नाही. टायरबद्दल मला कळलंय हे यांना माहीत नाही. अंग पुसते, औषध देते, पण तोंडाकडे बघवत नाही. यांच्यापाशी बसले की मला त्या टायरचे केस बोटाला टोचल्यासारखे वाटतात. तू यांना काही लिहू नकोस. माझी शपथ आहे.

पूंगोदै


पोल्लाची,
३ जानेवारी २००३

माझ्या मेव्हण्याला, माप्ळे चेरनला,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहितोय. पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाई हे टपालात टाकतील, तुझ्या अक्काच्या हाती द्यायचं नाही.

तू टायरचा आकडा काढलासच म्हणजे. तिने लिहून पाठवला असणार, बिचारीला त्याचा अर्थ काय कळणार! तुला मीच शिकवलं, आता भोगतो.

हो, मला कळलं होतं. आळियारच्या धरणापाशी पहिल्या वळणालाच कळलं. गाडी माझी राहिली नव्हती. साखळीला टायर घासत होता, वळणावर ताठ उभी राहत होती. पण तू ती पूजा पाहिली नाहीस. कोण तो टायर घेऊन आलं होतं ते मी तुला सांगणार नाही, तू ओळखलंच असशील. अकरा वर्षं त्या गाडीशी न बोललेल्या माणसाने तिला माळ घातली होती. माळ घालणारीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी काय म्हणणार होतो? काढ हा कचरा, म्हणणार होतो?

ठरवलं की सावकाश चालवायची. झिजला की गुपचूप शंभरचा घालून टाकू. प्रत्येक वळण मी म्हाताऱ्यासारखं घेत होतो. तीन शुक्रवार जमलं. त्या दिवशी नवव्या वळणाच्या पोटात वरयाडूची मादी पिलाला घेऊन रस्त्यात उतरली. डोंगरातल्या त्या बकऱ्या तुला ठाऊक आहेत, माणसाला घाबरत नाहीत, बघत उभ्या राहतात. माझ्या जुन्या टायरवर मी नुसता खांदा पाडला असता आणि तिच्या आतून निघून गेलो असतो. या गाडीला मी सांगितलं, ती ऐकेना. जोर लावला, तर एकदम कोसळली. मागचं चाक घसरलं. पुढचं तुला माहीत आहे. बकरी आणि पिलू वाचलं.

आता ऐक. तुझ्या अक्काला हे कळता कामा नये. लोक मला दारुडा म्हणोत, हात गेला म्हणोत, मला चालेल. म्हणून गाडी भंगारात दे म्हटलं. तिला कळलं तर ती स्वतःला खाऊन टाकेल. तू माझा मेव्हणा नाहीस, भाऊ आहेस. गप्प राहा.

तंगवेल


हामामात्सू,
१६ जानेवारी २००३

अक्का आणि मच्चान,

हे पत्र अक्काने मच्चानच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचायचं आहे. मच्चाननी मध्ये बोलायचं नाही. अक्काने एकही ओळ गाळायची नाही.

तुमची दोघांची पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. एकाच पोस्टमनने एकाच हाताने दिली. दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलंय. इथे पोंगलच्या दिवशी माझ्याकडे गूळ नव्हता, ऊस नव्हता, ही दोन पत्रं होती. मी ती समोर ठेवून बसलो आणि मला इतका धक्का बसला, इतका राग आला, की भात करपला.

मी दोघांच्याही शपथा मोडतोय.

मच्चान, अक्काला सगळं माहीत आहे. टायर मापाचा नव्हता हे माहीत आहे, त्यामुळे गाडी वळत नव्हती हे माहीत आहे, तुम्हाला ते ठाऊक होतं हेही माहीत आहे. मीच लिहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं तो कुणी आणलाय. ती तुमच्याशी बोलत नाही याचं कारण तुमच्यावर रागावली आहे असं नाही. तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

अक्का, मच्चान तुझ्यासाठी गप्प आहेत. दारुडा म्हणवून घ्यायला तयार आहेत. रस्त्यात रानबकरी पिलाला घेऊन आली होती, म्हणून पडले. तुझ्या टायरने पाडलं हे खरं. पण त्यांनी तो महिनाभर काढला नाही, हेही तितकंच खरं. मी तुम्हा दोघांपैकी कुणालाही सोडवू शकत नाही. खोटं लिहून बघितलं, दोन कागद फाडले.

माझं काम काय आहे ठाऊक आहे ना? गाडी चालवायची आणि तिच्यात जे वाईट आहे ते मालकाच्या तोंडावर सांगायचं. पहिल्या महिन्यात मी सगळ्याला "छान आहे, छान आहे" म्हणत होतो. हिरानो-साननी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हणाले, "तू छान म्हणालास म्हणून उद्या ही गाडी कुणाचं तरी पोर चालवेल." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आज तुमच्या दोघांच्या हातातून मी किल्ली काढून घेतोय असं समजा.

आता अक्काने कागद खाली ठेवायचा आणि दोघांनी बोलायचं.

चेरन


पोल्लाची,
२ फेब्रुवारी २००३

चेरन तंबी,

वाचलं. मोठ्याने वाचलं.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. पाकीट उघडून पहिली ओळ वाचली तेव्हा मला गंमत वाटली, तुझा काहीतरी खेळ असेल. खुर्ची ओढून बसले. "दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलंय" इथे आले आणि यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढराफटक.

"थांब," म्हणाले.

"मध्ये बोलायचं नाही असं लिहिलंय."

"पूंगोदै, थांब म्हणतो ना!"

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती. "अक्काला सगळं माहीत आहे" हे वाचताना माझा आवाज फुटला, पण वाचलं. बकरीचं मला माहीतच नव्हतं. तीन महिने मी या माणसाची भांडी घासतेय, अंग पुसतेय, आणि ते पिलाला वाचवायला गेले हे मला जपानहून कळावं! संपल्यावर कागद खाली ठेवला. दोघंही असे बसलो होतो, जसं घरात काहीतरी मोठं कोसळलंय आणि अजून धूळ बसायची आहे.

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलंच नाही. असा राग आला, तंबी! मी म्हटलं, "तुम्हाला मरण चाललं असतं, पण मला नको म्हणणं नाही चाललं?"

"तुझा चेहरा पडला असता."

"आणि तुम्ही पडलात ते?"

हे पांघरुणाचा दोरा ओढत बसले. मी म्हटलं, "मी काय लहान पोर आहे? मला इतकी बावळट समजलात? हा टायर चुकीचा आहे एवढं एक वाक्य. मी रडले असते संध्याकाळभर, आणि दुसऱ्या दिवशी परत करून आले असते!"

"दुकानदार परत घेत नाही वापरलेला," हे म्हणाले. मला तो पलंग उलटावासा वाटला.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अकरा वर्षांत अजून काय काय झकास म्हणालात?"

मी भांडण म्हणून विचारलं होतं. हे मात्र विचार करायला लागले. खरोखर विचार करायला लागले! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

"खरं सांगू?"

"सांगा."

"तो मोरपंखी शर्ट."

"बरं."

"तुझ्या आत्याच्या घरची लग्नं."

"बरं."

मग मान वळवली. रस्त्याकडे बघत होते. अपघातानंतर पहिल्यांदाच रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "रेस सोडली ती."

तंबी, तू तेव्हा शाळेत होतास. लग्नानंतर पहिल्या वर्षी यांनी रेस सोडली. मला म्हणाले होते, कंटाळा आला, आता वर्कशॉप बघतो. मी देवाला नारळ फोडला होता. मी कधी "सोडा" असं म्हटलंच नव्हतं रे. नुसती प्रत्येक रेसच्या दिवशी उपास धरून दाराशी बसायचे. त्या वर्षी यांचं नाव मद्रासच्या मोठ्या शर्यतीसाठी निघालं होतं. हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, त्यांच्या आयुष्यातला तो एक निर्णय तरी पूर्ण त्यांचा आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कितीतरी वेळ नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. यांनी हाक मारली नाही. मारली असती तरी मी गेले नसते.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. पण ते पूर्वीसारखं गप्प राहणं नव्हतं. आधी मी यांच्याकडे बघत नव्हते, आता दोघंही चोरून बघत होतो, जसं घरात कुणी अनोळखी माणूस राहायला आलंय.

मधल्या वेळात मी कोईमतूरला जाऊन आले. टायर काढून कदिरवनबरोबर नेला होता, आणि त्या दुकानदारापुढे टाकला. त्याला यांची मांडी, सळई, सगळं सांगितलं. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "पण अक्का, सगळे हाच मागतात." मी म्हटलं, "मागू देत. तू रिमचं माप विचार आणि नाही म्हणून सांग. नाही म्हणता येतं ना तुला?" बाहेर पडल्यावर मी स्वतःशीच हसले, की हे मी कुणाला शिकवतेय!

टपरीवरही गेले. चार माणसं होती. सगळ्यांसमोर सांगितलं, टायर मी आणला होता, मापाचा नव्हता, म्हणून पडले; दारूचं नाव पुन्हा काढलंत तर किटली अंगावर ओतेन. टपरीवाल्याचा वासलेला आ मिटेना. हे यांना कुणीतरी येऊन सांगितलं. यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुबड्या मागितल्या आणि दारापर्यंत गेले. डॉक्टर म्हणतात, पाय किंचित आखूड राहील. उन्हाळ्यापर्यंत वर्कशॉपमध्ये बसता येईल. घाटाचं काय, ते हे ठरवतील. मी उपास धरणार नाही, एवढं मी त्यांना सांगितलंय.

आता आज सकाळचं सांगते, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. कॉफी करून दिली, नेहमीसारखी. यांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. तोंड असं केलं, जसं दवाखान्यात सुई टोचताना करायचे. मग म्हणाले,

"गोड झाली आहे."

मी म्हटलं, "काय?"

"कॉफी. फार गोड झाली आहे. मला इतकी गोड आवडत नाही." आणि थांबून, "कधीच आवडली नाही."

मी बघतच राहिले. अकरा वर्षं! सकाळ-संध्याकाळ! मी पेला उचलला, आत गेले, साखर कमी घालून दुसरी आणली. एक घोट घेतला.

"आता कमी झाली."

स्वर जरा चढलेला होता, तंबी. चक्क चढलेला. सासूबाई दारात आल्या बघायला, की आज याला झालंय काय. आणि मी, वेडीसारखी, पदर तोंडावर धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हे पलंगावरून ओरडत होते, "हसतेस काय, नीट करून आण!"

तिसऱ्यांदा दूध चढवलंय. उतू जायच्या आत हे संपवते.

तुझी,
अक्का